स्वप्नातली मधली वर्षे

पुण्यात सदाशिव पेठेपासून नवी पेठेपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये मजल्यामजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. दाराबाहेर चपलांची रांग असते. आत फळ्या मारून एकमेकांपासून वेगळी केलेली टेबले असतात आणि प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली, झेरॉक्सचा गठ्ठा, खुणांनी रंगलेले राज्यघटनेचे पुस्तक. समोरच्या फळीवर अनेक ठिकाणी दोन कागद चिकटवलेले दिसतात. एकावर दिवसाचे वेळापत्रक असते: सकाळी चालू घडामोडी, दुपारी इतिहास, संध्याकाळी सी-सॅटचा सराव. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत स्वतःचे नाव आणि त्याखाली पद: उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार. पहिला कागद आजचा आहे, दुसरा शेवटचा. या दोहोंच्या मध्ये जी तीन, पाच किंवा आठ वर्षे जायची आहेत, त्यांचा कागद मात्र कुठे दिसत नाही. त्या वर्षांत पूर्वपरीक्षा किती वेळा हातची जाईल, घरचे पैसे कधी आटतील, बरोबरीच्या मुलांची लग्ने होत असताना मन कसे सांभाळायचे, कोणत्या दिवशी थांबायचे आणि थांबल्यावर काय करायचे, हे कुणी लिहून ठेवलेले नसते.

माझे म्हणणे या न लिहिलेल्या कागदाविषयी आहे. आयुष्य सुधारावे म्हणून माणसे स्वप्न पाहतात आणि त्यांनी ते पाहिलेच पाहिजे. पण ‘मोठे स्वप्न बघा’ असे आपण मुलांना सांगतो तेव्हा डोळ्यांसमोर आणायला सांगतो तो फक्त शेवट: खुर्ची, सत्कार, गावातली मिरवणूक. कल्पनाशक्तीची खरी गरज शेवट पाहायला नसतेच, कारण तो कुणालाही दिसतो. ती लागते मधली वर्षे पाहायला. ज्याला आपल्या स्वप्नाचा मधला भाग दिसतो, तो वाट चालू शकतो आणि वेळ आली तर वाट बदलूही शकतो. ज्याला नुसता शेवट दिसतो, त्याला ते चित्र धरून ठेवते, सोडत नाही आणि पुढेही नेत नाही. यात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मी शेवटी येईन: मधला भाग दिसणे हे एकट्याच्या बुद्धीवर अवलंबून नसते. तो दिसावा अशी सोय समाजाला करावी लागते.

आधी पुरावा पाहू. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी अनेक वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: भविष्याची गोड चित्रे रंगवणाऱ्यांच्या हाती ते भविष्य लागते का? 2002 साली त्यांनी डोरिस मायर यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवी संपवून नोकरी शोधणारे जर्मन तरुण होते. दोन वर्षांनी त्यांची स्थिती पाहिली तेव्हा ज्यांनी मनासारख्या नोकरीची चित्रे वारंवार रंगवली होती, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे देकार कमी मिळाले होते आणि त्यांचा पगारही कमी होता. याच अभ्यासात दुसरा निष्कर्ष होता आणि तो विसरून चालणार नाही. आपल्याला नोकरी मिळण्याची शक्यता चांगली आहे असा ज्यांचा अंदाज होता, त्यांचे मात्र चांगले झाले. म्हणजे आशा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. आशा मागच्या अनुभवाच्या आधारावर उभी असते: हे मी पूर्वी केले आहे, म्हणून पुढचेही जमेल. दिवास्वप्नाला कसलाच आधार लागत नाही. मराठीत आपण त्याला मनोराज्य म्हणतो तेव्हा हा फरक भाषेनेच नोंदवलेला असतो. राज्य मनातल्या मनात मिळून गेलेले असते, त्यामुळे ते मिळवायला बाहेर पडण्याची निकड उरत नाही.

असे का होत असावे? ओटिंगेन आणि हीदर कॅपेस यांनी 2011 मध्ये दाखवले की इच्छापूर्तीचे चित्र डोळ्यांसमोर आणताना शरीर सैल पडते आणि रक्तदाबही थोडा उतरतो. मन त्या क्षणी पोहोचल्याचा आराम घेते. थकलेल्या माणसाला असा आराम लागतोच, त्यात वाईट काही नाही. पण अभ्यासिकेतल्या मुलाला संध्याकाळी तासभर यशस्वी अधिकाऱ्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ पाहून जो हुरूप येतो, त्याचा बराचसा भाग याच आरामाचा असतो. अंगात बळ आल्यासारखे वाटते आणि सकाळी पुस्तक उघडताना ते कुठे गेले हे कळत नाही. ओटिंगेन यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. इच्छा मनात आणायची आणि लगेच, तिथल्या तिथे, तिच्या आड येणारी आपल्यातली आणि आपल्या परिस्थितीतली अडचण मनात आणायची. दोन्ही शेजारी ठेवली की मन हिशेब मांडते. या पद्धतीचा परिणाम दुहेरी होतो. यशाची शक्यता चांगली असेल तर माणूस अधिक जोराने कामाला लागतो, आणि ती फारच कमी असेल तर त्या इच्छेतून वेळीच हात काढून दुसरीकडे वळतो. उत्साह वाढवणारी साधने पुष्कळ आहेत. योग्य ठिकाणी उत्साह वाढवणारे आणि चुकीच्या ठिकाणी कमी करणारे साधन विरळा, म्हणून मला हे मोलाचे वाटते.

ही रीत परदेशी प्रयोगशाळेतून आली असे समजायचे कारण नाही. आपल्याकडे तिचे फार देखणे उदाहरण आहे. 1883 च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. वय अठराच्या आत होते. डॉक्टर होण्यासाठी त्या अमेरिकेला निघाल्या होत्या आणि लोकांत चर्चेला ऊत आला होता. त्या भाषणात परतल्यावरच्या गौरवाचे चित्र रंगवणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी लोक विचारत असलेले सहा प्रश्न एकामागून एक घेतले: अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटीच का, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, तिकडे संकट आले तर काय, आणि जे कुणा बाईने केले नाही ते हिनेच का करावे. प्रत्येकाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले. मद्रासचे कॉलेज आणि ठिकठिकाणचे सुईणीचे वर्ग यांतले शिक्षण अपुरे का पडते हे सांगितले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, पोशाख आणि आचार बदलणार नाही, हे आधीच ठरवल्याचे सांगितले. मधल्या वर्षांचा कागद म्हणतात तो हा. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे क्षयाने त्यांना गाठले आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात ठरलेले काम त्यांच्या हातून व्हायचे राहिले. वाट नीट पाहिली म्हणून मुक्काम गाठता येतोच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण ज्या भागावर आपला ताबा चालतो तो डोळे उघडे ठेवून पार करता येतो, आणि मागून येणाऱ्यांना तो दिसतो.

मधला भाग पाहताना आपण सर्वांत जास्त चुकतो ते काळाच्या मोजमापात. 1994 मध्ये कॅनडातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या 37 विद्यार्थ्यांना विचारले, काम कधी संपेल? त्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता. मग विचारले, सगळेच बिघडले तर? त्यावर सरासरी उत्तर 49 दिवसांच्या आसपास आले. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. आपल्या कामाची वाईटात वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा उजळ निघाली, हे या छोट्या प्रयोगाचे मोठे सांगणे आहे. कारण असे की आपण आपल्या कामाकडे आतून पाहतो, बेत आखतो, आणि बेतात आजारपण, लग्नकार्य, वीज जाणे, मन न लागणे यांना जागा नसते. यावरचा उपाय बाहेरून पाहण्याचा आहे: माझ्यासारख्या इतरांना किती काळ लागला? स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत हे बाहेरून पाहणे कठीण नाही, आकडे उघड आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला 10,16,850 जणांनी अर्ज केले, 5,92,141 जण पूर्वपरीक्षेला बसले, 14,624 मुख्य परीक्षेपर्यंत आणि 2,855 मुलाखतीपर्यंत पोहोचले. निवड झाली 1,016 जणांची. बसलेल्या हजारात दोनही नाहीत. मुलाखतीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलेले 1,839 जण आहेत, निवड झालेल्यांहून जास्त. त्यांच्यातला आणि यादीतल्या शेवटच्या नावातला फरक बहुधा थोड्या गुणांचा असतो. हे आकडे समोर असताना फळीवर फक्त नाव आणि पद लिहून ठेवणे हे धैर्याचे लक्षण मानले जाते. मला ते काळजीचे वाटते.

काळानंतर येतो रोजचा दिवस. मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्झर यांनी मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. ‘मी अभ्यास करीन’ हा संकल्प आणि ‘रात्रीचे जेवण आटोपून मेसमधून परत आलो की फोन बॅगेत टाकून अर्थशास्त्राचे एक प्रकरण उघडीन’ हा संकल्प, यांत फरक आहे. दुसऱ्या संकल्पात प्रसंग आधीच ओळखून ठेवलेला असतो आणि त्या प्रसंगी करायची कृतीही ठरलेली असते. त्यामुळे त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही. गोलविट्झर आणि शीरन यांनी 2006 मध्ये अशा 94 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा ‘असे झाले तर मी असे करीन’ या घडणीच्या संकल्पाचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. मानसशास्त्राच्या क्षेत्रात ही लहान गोष्ट नव्हे. पण एरवी आपण हे सूत्र फार वरवर वापरतो, पहाटे उठण्यासाठी, व्यायामासाठी. ते मधल्या वर्षांतल्या कठीण प्रसंगांना लावले पाहिजे. पूर्वपरीक्षेचा कटऑफ दोन गुणांनी हुकला तर त्या संध्याकाळी कुणाशी बोलायचे? घरून फोन आला आणि ‘आता बस झाले’ म्हणाले तर काय सांगायचे? जाहिरात निघालीच नाही तर ते सहा महिने कशात घालवायचे? ही उत्तरे मन शांत असताना लिहून ठेवता येतात. निकालाच्या रात्री ती सुचत नाहीत.

मधल्या वर्षांत ध्येय धरून ठेवणे आणि वाट बदलणे या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाच्या इतिहासातून कळते. आपण तो सांगताना पदव्या सांगतो आणि मधले सोडून देतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला आले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडनहून मिळवून ठेवली. बडोद्याला राहायला जागा मिळू दिली गेली नाही, अपमान झाला, नोकरी सोडावी लागली. मग 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली आणि पगारातून पैसे साठवले. 1920 मध्ये ही शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्‌सी. झाली. डी.एस्‌सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला, तो पुन्हा लिहून दिला आणि 1923 मध्ये पदवी मिळाली. या सगळ्यात जिद्द आहेच. पण परतण्याआधी मागून घेतलेली ती चार वर्षांची मुदत पाहा. वाट बंद होत असताना तिचे दार आपल्या हाताने किलकिले ठेवणे, हे पुढची वर्षे ज्याला दिसतात त्यालाच सुचते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हिशेब मांडणाऱ्याच्या हातून मोठे काही घडत नाही. शेवटच्या अटेम्प्टला पोस्ट निघालेल्यांच्या कहाण्या सगळ्यांना पाठ असतात. ‘तिसऱ्या वेळी हिशेब मांडून बसलो असतो तर आज इथे नसतो,’ असे त्यांच्या तोंडून आपण ऐकतो, आणि ते खरेच असते. अडचण एवढीच की ज्यांनी तितकीच चिकाटी दाखवली आणि ज्यांची पोस्ट निघाली नाही, त्यांना सत्काराच्या मंचावर कुणी बोलावत नाही. पोहोचलेल्यांनाच विचारले तर कोणतीही वाट बरोबर वाटेल. शिवाय जितकी वर्षे घातली तितके सोडणे अवघड होत जाते. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 मध्येच दाखवले होते की पैसे आणि श्रम आधी घातलेले असले की माणसे तोट्याच्या कामालाही चिकटून राहतात, कारण सोडले तर ‘वाया गेले’ असे म्हणावे लागते. राज्यात 2016 पासून शासकीय सेवेत येण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे. ग्रामीण भागातल्या, उशिरा शिक्षण झालेल्या मुलांसाठी ही सवलत न्याय्य आहे. पण नियम थांबवत नाही तेव्हा थांबण्याची तारीख आपणच ठरवावी लागते, आणि ती वाटेला लागण्यापूर्वी ठरवावी लागते. मध्येच ठरवायला बसले तर घातलेली वर्षे कानाशी बोलत राहतात.

याच आक्षेपाचे दुसरे रूप अभ्यासिकांमध्ये रोज ऐकू येते: प्लॅन बी ठेवला की प्लॅन ए ढिला पडतो. ही नुसती समजूत नाही. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन या संशोधकांच्या 2016 च्या प्रयोगांत पर्यायी बेताचा विचार करायला लावलेल्या लोकांची मुख्य कामातली ओढ आणि कामगिरी खरोखर उणावली. म्हणून हा आक्षेप उडवून लावणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पर्याय नसावा असा होत नाही. पर्याय कधी ठरवायचा आणि तो किती वेळा उघडून पाहायचा, एवढाच प्रश्न उरतो. सुरुवातीला एकदा शांतपणे ठरवावे: अमुक तारखेपर्यंत पूर्ण ताकद इथे, त्यानंतर बँकिंगच्या परीक्षा, बी.एड., शेतीपूरक धंदा किंवा जे असेल ते. मग ती वही मिटून ठेवावी आणि ठरलेल्या तारखेलाच उघडावी. असा पर्याय मागच्या खिशात असणाऱ्याला उलट निर्धास्तपणे झोकून देता येते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या प्रत्येक चुकलेल्या प्रश्नावर सगळ्या आयुष्याचे ओझे येते, आणि त्या ओझ्याखाली बुद्धी चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला निम्म्याहून अधिक मान्य आहे. शेतीत भागत नाही, कारखान्यात कायमची नोकरी मिळत नाही, पदवीला बाजारात किंमत नाही, अशा वेळी मुले सरकारी जागेच्या मागे लागतात. जागा शेकड्यांत आणि उमेदवार लाखांत हा दोष व्यवस्थेचा आहे. त्याचे खापर मुलांच्या नियोजनावर फोडणे हा अन्याय नाही का? आहे. भविष्याचा विचार करण्याची शक्तीच मुळात परिस्थितीतून येते, याचा पुरावाही आहे. स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग प्रसिद्ध आहे: समोरची मिठाई लगेच न खाता जे मूल थांबते त्याला दुसरी मिळते, आणि अशी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. 2018 मध्ये मोठ्या संख्येने मुले घेऊन तपासले तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर आणखी क्षीण. त्याआधी 2013 मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरला 28 मुलांवर एक सुंदर प्रयोग केला. निम्म्या मुलांना प्रयोगाआधी चांगले रंग आणून देतो असे सांगून खरेच आणून दिले. उरलेल्यांना तेच वचन दिले आणि मोडले. मग मिठाई ठेवली. वचन पाळलेल्या गटातली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, वचन मोडलेल्या गटातली जेमतेम तीन. मुले तशीच होती, मोठ्यांचा शब्द वेगळा निघाला. ज्याला शब्द पाळला जाण्याचा अनुभव नाही, त्याने आजचे सोडून उद्याची वाट पाहणे हा शहाणपणा ठरत नाही.

आता हा प्रयोग आपल्याकडे आणून पाहा. 2020 च्या एप्रिलमध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा कोरोनामुळे पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेवटी 14 मार्च 2021 ही तारीख ठरली आणि ती तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे ढकलली गेली. तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर बसली आणि परीक्षा 21 मार्चला झाली. आठवड्याचा तर फरक, एवढा संताप का, असे तेव्हा काहींनी विचारले. त्याचे उत्तर रॉचेस्टरच्या खोलीत आहे. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, घरी सांगितलेली मुदत हे सगळे त्या तारखेवर टांगलेले असते. ठरल्या दिवशी जाहिरात, ठरल्या दिवशी परीक्षा, ठरल्या दिवशी निकाल आणि निकालानंतर लगेच नेमणूक, हे प्रशासनाला नित्याचे काम वाटत असेल. लाखो तरुणांच्या दृष्टीने आयुष्याची आखणी करता येणे याचाच तो दुसरा अर्थ आहे. मग व्यक्तीने मधली वर्षे पाहण्याला अर्थ उरतो का? उरतो, आणि जास्तच उरतो. व्यवस्था सुधारायला जो काळ लागेल त्या काळात आज तेवीस वर्षांचा असलेला मुलगा तिशी ओलांडेल. त्याला आजच हिशेब लागणार आहे. शिवाय ज्याने आपल्या वर्षांचा हिशेब मांडला आहे, तोच ती कुणी वाया घालवली हे बोट ठेवून विचारू शकतो.

आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचे काम पाहून 2004 मध्ये असे मांडले की आकांक्षा बाळगणे ही एक क्षमता आहे आणि ती समाजात विषम वाटली गेली आहे. गरिबाची इच्छा लहान असते असे नाही. इच्छेपासून फळापर्यंतच्या वाटांचा त्याच्याजवळचा नकाशा विरळ असतो, कारण त्या वाटांनी गेलेली माणसे त्याच्या ओळखीत कमी असतात. डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर होण्यातली मधली वर्षे जेवणाच्या ताटावर कळतात. शेतमजुराच्या मुलीला फक्त पांढरा कोट दिसतो. हा नकाशा दाट करता येतो, याचा पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून आला. तिथे कोणत्या पंचायतीचे प्रमुखपद स्त्रियांना राखीव होणार हे जवळपास सोडतीनेच ठरत असे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 495 गावे पाहिली गेली. जिथे दोन निवडणुकांच्या मुदती स्त्री प्रमुख होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्या भविष्याविषयी आईबापांच्या अपेक्षांत असलेली तफावत कमी झाली आणि मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांतली 32 टक्क्यांनी. मुलींचे शिक्षणातले मागे पडणेही तिथे थांबले. कुणी त्या मुलींना मोठे स्वप्न बघा असे व्याख्यान दिले नव्हते. गावातली एक बाई रोज कचेरीत जाते, कागदावर सही करते, लोकांचे बोलणे ऐकून घेते आणि संध्याकाळी घरी परतते, एवढे त्यांना वर्षानुवर्षे दिसत राहिले.

शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढून ‘कमवा आणि शिका’ रुजवले, त्यामागचे बळ मला इथे दिसते. वसतिगृह झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण देते. त्याहून मोठे देणे म्हणजे एक वर्ष पुढे असलेला मुलगा शेजारच्या खाटेवर असतो. मधली वर्षे कशी काढायची हे त्याच्याकडे पाहून शिकता येते: तो नापास झाला तेव्हा काय केले, पैसे संपले तेव्हा कुठे गेला. आजच्या अभ्यासिकांतले सीनियर हेच काम करतात, पण अपुऱ्या रीतीने, कारण जे सोडून गेले ते दिसेनासे होतात. गावी परतलेला, दुकान टाकलेला, शिक्षक झालेला, एखाद्या कंपनीत लागलेला मुलगा पुन्हा या गल्ल्यांत बोलायला येत नाही. त्याला लाज वाटते आणि ती वाटायला आपण भाग पाडलेले असते. प्रशिक्षण देणाऱ्या वर्गांनी यशस्वी मुलांच्या फोटोंशेजारी आपल्याकडे एकूण किती जण बसले होते तो आकडा छापावा. कॉलेजांनी निवड झालेल्या एकाबरोबर चार वर्षे अभ्यास करून दुसरीकडे वळलेल्या एकालाही व्यासपीठावर बसवावे. त्या चार वर्षांत वाचलेला इतिहास, कळलेली राज्यघटना, लागलेली बैठक याचे पुढे काय झाले, हे त्याच्याकडून ऐकावे. नव्या मुलाला त्या दोघांच्या बोलण्यातून मिळून खरा नकाशा मिळेल.

घरच्यांनाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. मुलगा किंवा मुलगी पुण्याला निघते तेव्हा पैशांची सोय लावताना तासभर एकत्र बसावे आणि तो तिसरा कागद लिहावा. किती वर्षे, दर वर्षी किती पैसे, कोणत्या टप्प्यावर काय झाले तर पुढे जायचे, काय झाले तर परतायचे, आणि परतलीस तर या घरात तुला कुणी टोचून बोलणार नाही, हेही त्यात लिहावे. मुलींच्या बाबतीत हे जास्तच गरजेचे आहे. त्यांना मुदत दिलेली असते, पण ती स्थळ येईपर्यंतची असते, आणि ती कधी संपेल हे त्यांच्या हातात नसते. कागदावर उतरलेली मुदत निदान त्यांच्या बाजूने बोलेल.

मधल्या वर्षांविषयी इतक्या आग्रहाने लिहिण्याचे शेवटचे कारण साधे आहे. तेवीस ते तीस ही वर्षे परीक्षेच्या आधीची वर्षे म्हणून आयुष्यात येत नाहीत. मैत्री, प्रेम, आईबापांचे हातपाय चालत असण्याचा काळ, स्वतःच्या हातांनी काही करून पाहण्याची हिंमत, हे सगळे त्याच वर्षांत असते. पोस्ट निघाली तरी ती वर्षे परत मिळत नाहीत आणि न निघाली तरी ती जगलेलीच असतात. जे स्वप्न या वर्षांना निव्वळ प्रतीक्षा बनवते, ते पुरे झाले तरी महाग पडते. जे स्वप्न त्या वर्षांत काय शिकायचे, कुणाला धरून राहायचे आणि कुठे वळायचे हे सांगते, त्याचे शेवटी काहीही झाले तरी माणूस सुरुवातीला होता त्याहून पुढे उभा असतो. समोरच्या फळीवर नाव आणि पद लिहिलेला कागद खुशाल राहू द्यावा. त्याच्या आणि वेळापत्रकाच्या मध्ये जी मोकळी जागा आहे, तिथे तिसरा कागद लावावा, आणि तो लिहिताना मुलाच्या शेजारी कुणीतरी बसावे.